नारुटोवर खापर फोडू नका

सातारा-सांगलीकडे सध्या एक तक्रार जोर धरून आहे. गॅदरिंगचे प्रमुख पाहुणे ती भाषणात करतात, शिक्षकांच्या खोलीत ती होते, घरात आजी-आजोबा करतात. मुलं जपानी कार्टूनच्या नादी लागली. दुचाकीवर नारुटोचं चित्र, टी-शर्टवर ‘डीमन स्लेयर’मधला तांजिरो, मोबाइलच्या पडद्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेला गोजो. शिवाजी महाराजांच्या आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलखातली ही पोरं राक्षस मारणाऱ्या जपानी पोरांना नायक मानतात. उद्या ती मनानं मराठी राहतील का, भारतीय तरी राहतील का?

बोलणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. मराठीचं नुकसान होतंय हे मलाही मान्य आहे. पण आरोपी चुकीचा पकडला आहे, आणि चुकीचा आरोपी पकडला की खरा मोकळा सुटतो. आधी या तक्रारीच्या मुळाशी असलेलं गृहीतक तपासू: परमुलखातली अद्भुत कथा मनात शिरली की आपलेपण जातं. हे तपासायला सांगलीइतकं योग्य गाव महाराष्ट्रात दुसरं नाही.

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक संच सांगलीत आला आणि त्यांनी आपले खेळ केले. खेळ यक्षगानाच्या वळणाचे, बोली कानडी. रंगवलेले चेहरे, भरजरी मुकुट, तलवारी नाचवत आरोळ्या ठोकणारे राक्षस. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहिले. ही परकी सोंगं आपल्या प्रजेला बिघडवतील, असं त्यांना वाटलं नाही. असं काही आपल्याकडे मराठीत व्हावं असं वाटलं, आणि ते काम त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांवर सोपवलं. भावे तेव्हा विशीतले होते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं, आणि आज आपण तोच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. पुढच्या पिढीतल्या शहाण्यांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं, राक्षसांच्या आरडाओरड्याची टिंगल केली. त्या शहाण्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह सांगलीत उभं आहे.

दुसऱ्या भाषेतला, राक्षसांनी भरलेला, भडक रंगांचा खेळ पाहून एका तरुणाला वेड लागलं आणि त्यानं ते आपल्या भाषेत उतरवलं. मराठी नाटकाचा जन्म असा आहे. आज तासगावचा किंवा कराडचा एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर तलवारधारी नायक काढतो आणि त्याच्या तोंडी मराठी संवाद घालतो. तो भाव्यांच्याच वाटेवर उभा आहे. फरक एवढाच की भाव्यांना पटवर्धन भेटले, या मुलाला वही जप्त करणारे सर भेटतात.

सांगलीजवळच्या हरिपूरला गोविंद बल्लाळ देवल जन्मले. ‘झुंझारराव’ हे त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून केलेलं नाटक. ‘संशयकल्लोळ’चं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं, इंग्रजीच्या वाटेनं आलेलं. फाल्गुनराव मुळात फ्रान्सचा आहे हे सांगितलं तर आजही अनेकांना पटत नाही, इतका तो इथला झाला. त्याच देवलांनी ‘शारदा’ लिहून जरठ-कुमारी विवाहावर असा घाव घातला की समाज हलला. परक्याची कथा घेणारा हात आणि घरातल्या दुखण्यावर बोट ठेवणारा हात एकाच माणसाचे होते.

अद्भुत कथा म्हणजे वास्तवातून पळवाट, हा आणखी एक आक्षेप. त्याला उत्तर देणारा माणूसही सांगलीतच जन्मला, १८७२ साली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त महाभारतातलंच कथानक आहे: विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक, भीम. पण १९०७ साली रंगभूमीवर कीचक आला तेव्हा प्रेक्षकांना त्याच्यात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तो दिसला, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. लंडनच्या ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोलनं हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिलं, त्यात या नाटकाची दखल घेतली. एका पुराणकथेनं साम्राज्याला घाबरवलं होतं. राक्षस, शाप आणि चमत्कार यांच्या गोष्टीतून माणूस आपल्या काळाबद्दल बोलू शकतो हे ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं, त्या गावात ‘हे सगळं भाकड’ असं मुलांना सांगणं शोभत नाही.

आणि अण्णाभाऊ साठे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा हा माणूस, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला. दुसऱ्या महायुद्धात व्होल्गा नदीकाठच्या एका शहरातले लोक नाझी फौजेशी घराघरातून लढले. ते शहर अण्णाभाऊंनी पाहिलेलं नव्हतं, त्याची भाषा त्यांना येत नव्हती. तरी त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. शाहिरी बाज तोच, डफ तोच, वीर मात्र परमुलखातले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मराठी भाषकांच्या राज्याची तळमळ त्यांच्याच ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीनं गावोगाव पोचवली. रशियाच्या वीरांवर जीव टाकल्यानं त्यांचं मराठीपण तसूभरही कमी झालं नव्हतं. उलट दुसऱ्याच्या लढ्यात मन गुंतवण्याची ताकद असल्यामुळेच त्यांना आपल्या लढ्याचे शब्द सापडले, असं मला वाटतं. ज्यांना आजच्या मुलांची निष्ठा मोजायची आहे, त्यांनी आधी अण्णाभाऊंची मोजून दाखवावी.

एक आक्षेप मात्र वरच्या सगळ्यांहून वजनदार आहे, आणि तो मला अनेकदा माजी सैनिकांच्या घरातून ऐकायला मिळाला आहे. जपान म्हणजे काही नुसता गोष्टी सांगणारा देश नव्हे. मराठा पलटणीत सातारा जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा पलटण जपानी फौजेसमोर उभी होती. दिवसरात्र लढाई झाली, माणसं पडली. त्यांच्या नातवंडांनी कपाळाला जपानी पट्टी बांधून फोटो काढावा, हे काही घरांना लागतं. ते लागणं मी समजू शकतो.

पण मग ते वर्ष पूर्ण पाहू. १९४४ मध्ये सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता, १९४९ मध्ये तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याच १९४४ मध्ये इथली गावं क्रांतिसिंहांच्या प्रतिसरकारच्या अमलाखाली होती. कुंडलच्या परिसरात तुफान सेनेची पोरं कवायत करत होती, आणि ज्या इंग्रज सरकारच्या गणवेशात जिल्ह्यातले जवान मणिपुरात लढत होते त्याच सरकारची सत्ता ही पोरं इथे उलथवू पाहत होती. आणि मणिपूरच्या त्याच आघाडीवर नेताजींची आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूनं चालून येत होती. जपान नावाच्या देशाकडे तेव्हा एकाच जिल्ह्यातला एक भाऊ संगिनीच्या टोकावरून पाहत असेल आणि दुसरा आशेनं. यातला कोण कमी भारतीय? राष्ट्राशी नातं इतकं गुंतागुंतीचं असताना आपण ते एका कपाळपट्टीवरून ठरवायला निघालो आहोत.

या इतिहासाचा उपयोग मुलांना गप्प करण्यासाठी करू नये, त्यांना तो सांगावा. ज्या मुलाला जपानची ओढ आहे, त्याला सांगशाक, इंफाळ आणि हिरोशिमा यांबद्दल ऐकायची इच्छा इतरांपेक्षा जास्त असते. जपानी चित्रकथांतही युद्धाचा हिशेब मांडणाऱ्या कलाकृती आहेत. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावांनी ‘बेअरफूट गेन’ काढली आणि तिच्यात स्वतःच्या देशाच्या युद्धखोरीवरही कोरडे ओढले. ती कथा नववीतल्या मुलाला दिली तर तो युद्धाबद्दल भाषणातून शिकेल त्याहून अधिक शिकेल.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. मुलांची बाजू घेणारे काही जण म्हणतात, घाबरू नका, हे सगळं मुळात आपलंच आहे. नारुटोत चक्र आहे, इंद्र आणि असुर आहेत. ‘ड्रॅगन बॉल’मधला मृतांचा न्याय करणारा एन्मा म्हणजे आपला यम. जपानी बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. ‘ड्रॅगन बॉल’चा आरंभ ज्या जुन्या चिनी कथेवर बेतला, तिचा भिक्षू नायक म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला. ही माहिती खरी आहे आणि मुलांना सांगावी इतकी सुंदर आहे. पण तिचा आधार घेऊन केलेला बचाव मला मान्य नाही. ‘मुळात आपलं’ असेल तरच प्रेम करायची परवानगी, असा त्याचा अर्थ होतो. मग देवलांचा ‘झुंझारराव’ कुठे ठेवायचा? यम बौद्ध धर्माच्या वाटेनं चीनमधून जपानला गेला, तिथे शेकडो वर्षं राहिला, त्याचा वेष, भाषा, स्वभाव बदलला. तो आता त्यांचाही आहे. त्याच्यावर मालकी सांगण्यात कसलाही मोठेपणा नाही.

आपली मालकी सिद्ध करण्याच्या हट्टानं काय होतं याचं एक उदाहरण आपल्यासमोर आहे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरच्या माहितीपटाच्या निमित्तानं भारतात होते. त्यांना रामायणानं झपाटलं. त्यावर अ‍ॅनिमेशनपट करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा परदेशी माणूस रामाचं कार्टून करणार म्हणून इथे विरोध झाला आणि सरकारची साथ मिळाली नाही. शेवटी राम मोहन यांच्यासारख्या भारतीय अ‍ॅनिमेशनच्या आद्य माणसाला बरोबर घेऊन जपानमध्येच तो चित्रपट १९९२ साली पूर्ण झाला. देशभरच्या थिएटरांत तो नीट लागायला २४ जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. त्या बत्तीस वर्षांत ज्या मुलांनी तो पाहायला हवा होता ती आई-बाप झाली.

रामाला चित्रात, गाण्यात, नव्या साधनात आणणं आपल्या भागाला कधीच वावगं वाटलं नव्हतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला घेऊन बसले आणि १९१६ साली त्यांचं ‘चित्ररामायण’ छापून आलं, म्हणजे चित्रांमागून चित्रं लावून सांगितलेली रामकथा. त्याच औंधच्या शाळेत शिकलेले, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेले ग. दि. माडगूळकर. १९५५ मध्ये पुण्याच्या आकाशवाणीवर त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि रेडिओ नावाच्या तेव्हाच्या नव्या यंत्रातून छपन्न गीतांनी राम घराघरात आणला. एकाने छापील चित्रं वापरली, दुसऱ्याने रेडिओ. तिसऱ्याने अ‍ॅनिमेशन वापरलं तर त्यात अपमान कसला?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. २०२५ मध्ये साकोंचा हा रामपट हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत लागला. मराठीत नाही. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कासल’ हा चित्रपट आला, तरुणांनी पहाटेचे खेळ भरवले. तोही जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत. मराठीत नाही. कारण उघड आहे. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षक आपल्या भाषेतच पाहीन म्हणतो, म्हणून वितरकाला खर्च करावा लागतो. मराठी प्रेक्षक हिंदीवर भागवून घेतो, म्हणून त्याच्यासाठी कुणी कवडी खर्चत नाही.

बांगलादेशात हा प्रश्न दहा-बारा वर्षांपूर्वी उभा राहिला. तिथली लहान मुलं भारतीय वाहिन्यांवरचा हिंदी ‘डोरेमॉन’ पाहून घरात हिंदी बोलू लागली. २०१३ मध्ये सरकारनं त्या हिंदी प्रक्षेपणावर बंदी घातली, पुढे डोरेमॉन बांगला आवाजात आला. मला बंदी मान्य नाही, पण त्यांचं निदान अचूक होतं. निळ्या जपानी मांजरानं मुलांना जपानी केलं नव्हतं, हिंदी केलं होतं. आपल्याकडेही हेच झालं. विट्यातली, फलटणमधली चार वर्षांची मुलं आईला जे हिंदी ऐकवतात, ते या मांजराकडून शिकतात. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, महाराष्ट्र पेटून उठला, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. त्या विरोधात मी होतो आणि आजही आहे. पण शाळेच्या दारात आपण जे अडवलं ते दिवाणखान्यात वीस वर्षं बसलेलं होतं आणि त्याबद्दल कुणी साधा अर्जही केला नव्हता. हिंदीशी माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच की मराठी मुलाला अद्भुत जग मराठीत मिळालं पाहिजे, आणि ते देण्याचं काम जपानचं नव्हतं, आपलं होतं.

ते आपण पूर्वी करत होतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणल्या. ‘मंजुघोषा’सारख्या अद्भुत कादंबऱ्या एकोणिसाव्या शतकात लोकांनी आवडीनं वाचल्या. आजचे आजी-आजोबा ज्या ‘चांदोबा’वर वाढले, तो मराठी मासिक म्हणून १९५२ पासून निघत होता खरा, पण तयार होत होता मद्रासमध्ये, तेलुगू माणसांच्या हातून. विक्रम-वेताळाचं ते चित्र, झाडावरून प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला राजा, आजही त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नारायण धारपांनी भय आणि गूढाचं एक अख्खं जग उभं केलं, आणि समीक्षेनं त्यांना कायम बाहेरच्या ओसरीवर ठेवलं. मग ओसरीही ओस पडली. आज दहा वर्षांच्या मुलानं मराठीत नवी, सचित्र, दर महिन्याला वाट पाहावी अशी अद्भुत मालिका मागितली तर त्याच्या हातात द्यायला आपल्याकडे फार थोडं आहे. रिकाम्या जागेत जपान आला. जागा आपण रिकामी केली होती.

शिगेरू मिझुकी नावाच्या जपानी चित्रकथाकाराचं उदाहरण मला आपल्यासाठी फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर त्याचा डावा हात गेला. उरलेल्या हातानं त्यानं लहानपणी गावातल्या एका म्हातारीकडून ऐकलेली भुतंखेतं, जलदेवता, झपाटलेल्या वस्तू कागदावर आणल्या. शहरी जपान जे विसरत चालला होता ते ‘कितारो’च्या मालिकेतून घराघरात परतलं. साकाइमिनातो या त्याच्या गावातल्या रस्त्यावर त्या भुतांचे शंभरहून अधिक कांस्यपुतळे आहेत. जपाननं अमेरिकेकडून चित्रपटांची, व्यंगचित्रांची तंत्रं घेतली आणि त्यातून स्वतःच्या खेड्यातली म्हातारी बोलती केली.

आपल्याकडे कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीचा बिरोबा आहे. धनगर ढोलाच्या तालावर रात्र-रात्र ओव्या गातात. देवाचा जन्म, त्याचं रानात वाढणं, त्याचे चमत्कार, त्याचे सूड. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक येऊन त्या ध्वनिमुद्रित करून गेला. कराडजवळ पालीचा खंडोबा आहे, वाईच्या डोंगरावर मांढरदेवची काळूबाई, गावोगावच्या शिवेवर म्हसोबा आणि वेताळ. कुठल्याही जपानी मालिकेला हेवा वाटावा असं हे भांडार. ते चित्रकथेत उतरवण्याची रीत ज्यांनी डोळ्यांत साठवली आहे अशी या जिल्ह्यांतली माणसं आज चौदा-पंधरा वर्षांची आहेत, आणि ती रीत त्यांना जपानी चित्रकथांनी शिकवली. त्यांना आपण देशद्रोही ठरवत बसलो तर बिरोबाची चित्रकथा काढायला कोण उरेल?

खर्चाचा, वेळेचा, वयाला न शोभणाऱ्या हिंसेचा प्रश्न आहे. काही मालिका लहानांसाठी नाहीतच, आणि आई-बापांनी तिथे ठाम नाही म्हणावं. तो संगोपनाचा भाग झाला, राष्ट्राचा नव्हे. ज्या शिक्षकांच्या खोलीत ही तक्रार होते, तिथल्या कपाटात बहुधा ‘तोत्तोचान’ असते. चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेलं ते जपानी पुस्तक वाचून आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी मुलांकडे नव्यानं पाहायला सुरुवात केली. तो जपान चालला आणि हा चालत नाही, याचं कारण एवढंच दिसतं की तो मोठ्यांनी निवडला होता.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२६ मध्ये ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात भरलं. या दोन्हींचा अभिमान वाटणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढचा जपानी चित्रपट येईल तेव्हा सांगलीतल्या, साताऱ्यातल्या थिएटरवाल्याला आणि वितरकाला मराठी आवाजाची मागणी लेखी पाठवा, एकट्यानं नको, शंभर पालकांच्या सह्यांनी. गावातल्या वाचनालयाच्या खरेदीत मुलांच्या चित्रकथांसाठी रक्कम बाजूला ठेवा. धनगरी ओव्या गाणाऱ्या माणसाला एक दिवस चित्रकलेच्या तासाला बोलवा. आणि शिक्षकहो, यंदाच्या शाळेच्या हस्तलिखितात सोळा पानं मुलांनी काढलेल्या मराठी चित्रकथांना द्या. जप्त केलेल्या वह्या परत करा, त्यांच्या मागच्या पानांवर मजकूर तयार आहे.